पायरीवर मोजला जाणारा श्वास

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली किंवा आलापल्ली येथील बाजारपेठेत जुन्या व्यापारी घरांची एक ठरावीक रचना दृष्टीस पडते. खाली दुकान, मागे गोदाम आणि वरच्या मजल्यावर कुटुंबाचे वास्तव्य. या दोहोंना जोडणारा जिना अरुंद आणि उभा असतो. घरातील कर्ता पुरुष चाळीस-पन्नास वर्षे तो जिना दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो आणि त्याची दखल कोणी घेत नाही.

पुढे केव्हातरी तो मधल्या पायरीवर क्षणभर थांबू लागतो. काही महिन्यांनी दुपारच्या जेवणासाठी वर जाण्याऐवजी डबा खाली मागवला जातो. वर्षभरात त्याचा पलंग गादीमागील खोलीत येतो. मंदिरात, स्थानकात जाणे सणावारापुरते उरते. मुले म्हणतात, "बाबूजी, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." सुना पाण्याचा पेलाही हातात आणून देतात. या सगळ्यात प्रेम आहे, आदर आहे, संस्कार आहेत. राहून जातो तो एकच प्रश्न : जिना चढणे का सुटले?

"वय झाले" हे त्याचे सर्वमान्य उत्तर. पण वय हा आजार नव्हे. सत्तरीतील निरोगी मनुष्य हळू का होईना, एक मजला चढू शकतो. ज्याला ते जमेनासे होते, त्याच्या फुप्फुसांत, हृदयात किंवा रक्तात काही बिघाड आहे का, हे पाहणे आवश्यक असते. फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारांत हा बिघाड मोजण्याचे एक साधन अगदी साधे आहे. ते म्हणजे एकच पायरी. तिला वैद्यकशास्त्रात पायरी चाचणी किंवा स्टेप टेस्ट म्हणतात.

दोन जिल्ह्यांची हवा

भारतातील श्वसनविकारांचा एक विस्तृत अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील अनुमानानुसार सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांतील वायुमार्ग कायमचे अरुंद होण्याचा विकार असलेले रुग्ण देशात १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के. पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यवर्षांत तो ३२ टक्के आढळला.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या विकाराची अनेक कारणे एकत्र आली आहेत. चंद्रपूरकडे कोळसा खाणी आहेत, २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा सर्वंकष निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. पूर्वेकडील धानाच्या पट्ट्यात भात गिरण्यांचा तूस आणि कोंडा हवेत उडत असतो. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बहुतांश वनाच्छादित आहे. तेथील हवा शुद्ध असेल असे बाहेरच्या मनुष्यास वाटते. परंतु खेड्यातील स्त्रीचा दिवस चुलीसमोर उगवतो व मावळतो, आणि बंद खोलीतील लाकडाचा धूर तिच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षे साचत जातो. बिडी आहे, थंडीतील शेकोटी आहे, आणि बरा झालेला क्षयरोगही अनेकांच्या फुप्फुसांत कायमचे व्रण ठेवून गेलेला असतो.

सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा विकार, ही समजूत आता टिकलेली नाही. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात, धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, जुना क्षयरोग ही कारणे त्यात ठळकपणे मांडली आहेत. निर्व्यसनी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. घरात कोणी बिडी-सिगारेटला शिवले नाही, एवढ्यावरून फुप्फुसे निरोगी आहेत असा निष्कर्ष निघत नाही. ज्या आजीचे बालपण व तारुण्य चुलीपुढे गेले आणि ज्या आजोबांनी चाळीस वर्षे धान्याच्या गोदामात काढली, त्या दोघांनाही हा विकार जडू शकतो.

बसलेल्या माणसाचा आकडा

तपासणीला गेलेला रुग्ण डॉक्टरांपुढे बसलेला असतो. नाडी, रक्तदाब आणि बोटावरील ऑक्सिमीटरचा आकडा घेतला जातो. तो ९५ किंवा ९६ आला की घरचे निश्चिंत होतात. पण हा आकडा बसलेल्या माणसाचा असतो. धाप लागते ती चालताना, चढताना, आंघोळ करताना. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर ताळेबंद एका दिवसाची स्थिती दाखवतो; हंगामात उलाढाल वाढल्यावर पेढीला रोख पुरते की नाही, ते त्यावरून कळत नाही.

फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून जाताना रक्ताला हवेतील ऑक्सिजन उचलण्यासाठी विश्रांतीच्या वेळी सुमारे पाऊण सेकंद मिळतो. श्रमाच्या वेळी रक्तप्रवाह वाढतो आणि ही मुदत पाव सेकंदापर्यंत घटू शकते. निरोगी फुप्फुसाला तेवढा वेळ पुरतो. ज्याच्या फुप्फुसांचा पडदा जाड झाला आहे किंवा ज्याच्या वायुकोषांची मोडतोड झाली आहे, त्याला तो पुरत नाही आणि रक्तातील ऑक्सिजन झपाट्याने उतरतो.

सीओपीडीत आणखी एक अडचण असते. वायुमार्ग अरुंद झाल्याने उच्छ्वास पूर्ण होण्यास वेळ लागतो. श्रमात श्वास जलद होतो आणि जुनी हवा बाहेर पडण्याआधीच नवी हवा आत येऊ पाहते. गोदामातील जुना माल हललेला नसताना नव्या मालाचे ट्रक दारात उभे राहावेत, तशी ही अवस्था. छाती हवेने भरलेली असते, तरी माणूस हवेसाठी तळमळतो. बसलेल्या रुग्णाच्या तपासणीत यातले फारसे काही दिसत नाही.

फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री ही तपासणी सीओपीडीच्या निदानासाठी अनिवार्य आहे. जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, याचे गुणोत्तर औषधाचा झोत घेतल्यानंतरही ०.७० पेक्षा कमी असेल, तर वायुमार्गात अडथळा आहे असे ठरते. परंतु स्पायरोमेट्रीचे आकडे सारखे असलेल्या दोन रुग्णांपैकी एक बाजारात फिरतो आणि दुसरा पलंग सोडत नाही, असेही घडते. म्हणून श्रमाची चाचणी वेगळी करावी लागते.

खाणीपासून पायरीपर्यंत

धाप मोजण्याच्या शास्त्राचा एक मोठा अध्याय कोळशाच्या मुलखात लिहिला गेला, हे चंद्रपूरच्या वाचकांना जवळचे वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, कार्डिफ शहराजवळ, खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांचा अभ्यास करणारे केंद्र उभे राहिले. त्याचे पहिले संचालक डॉ. चार्ल्स फ्लेचर यांनी धापेची प्रतवारी करणारी प्रश्नावली तयार केली. तिचे सुधारलेले रूप आजही जगभर वापरले जाते. केवळ जोरदार श्रमात दम लागणे ही पहिली पायरी. घाईने चालताना किंवा चढावर दम लागणे, ही दुसरी. सपाटीवर समवयस्कांच्या मागे पडणे किंवा आपल्या चालीनेही थांबावे लागणे, ही तिसरी. शंभर मीटरवर थांबावे लागणे, ही चौथी. कपडे बदलतानाही दम लागणे व घराबाहेर पडता न येणे, ही पाचवी. याच केंद्राचे डॉ. फिलिप ह्यू-जोन्स यांनी १९५२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये श्रमाने लागणारी धाप मोजण्यासाठी एक सोपी व प्रमाणित चाचणी मांडली.

पायरीचा वापर त्याहून जुना आहे. न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर मास्टर यांनी १९२९ साली हृदयाची क्षमता तपासण्यासाठी प्रत्येकी ९ इंचांच्या दोन पायऱ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. १९४३ साली हार्वर्डमध्ये तरुणांचा दमसास पाहण्यासाठी २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटे चढ-उतार करण्याची चाचणी तयार झाली. ती धडधाकट तरुणांसाठी होती. फुप्फुसांच्या रुग्णाला तिचा उपयोग नव्हता.

रुग्णांसाठी प्रथम चालण्याची चाचणी रूढ झाली. १९७६ साली दीर्घकालीन ब्रॉन्कायटिसच्या रुग्णांना बारा मिनिटे चालवून अंतर मोजण्यात आले. १९८२ साली सहा मिनिटेही पुरेशी असल्याचे दिसले. २००२ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने या चाचणीचे नियम घालून दिले. तिला सुमारे ३० मीटर लांबीची सरळ, सपाट, वर्दळ नसलेली पडवी लागते. जिल्ह्याच्या रुग्णालयात ती मिळू शकेल. पण गावातील दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात रुग्णांच्या रांगेमधून तीस मीटरची मोकळी वाट काढणे अवघडच. फिरता पट्टा वा स्थिर सायकल असलेली श्रमचाचणी तर मोठ्या शहरांतच शक्य होते.

म्हणून संशोधक पुन्हा पायरीकडे वळले. १९९८ साली लंडनमधील बालरोगतज्ज्ञांनी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराच्या बालकांसाठी १५ सेंटीमीटर उंचीची, तीन मिनिटांची पायरी चाचणी मांडली. २००७ साली ब्राझीलमधील संशोधकांनी फुप्फुसे ताठर होत जाणाऱ्या रुग्णांसाठी २० सेंटीमीटर उंचीची, सहा मिनिटांची चाचणी प्रसिद्ध केली. पुढे सीओपीडीच्या रुग्णांतही ती वापरली गेली.

सहा मिनिटांत काय घडते

साहित्य थोडकेच लागते. २० सेंटीमीटर, म्हणजे सुमारे ८ इंच उंचीची, न घसरणारी व न डगमगणारी एक पायरी, ऑक्सिमीटर, घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, एक खुर्ची, आणि मोजणी करणारा प्रशिक्षित मनुष्य. शेजारी ऑक्सिजनची सोय व डॉक्टर उपलब्ध असले पाहिजेत.

रुग्ण प्रथम दहा-पंधरा मिनिटे शांत बसतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांची नोंद होते. दम किती लागला आहे, हे त्याला शून्य ते दहा या मापनात विचारले जाते. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे पराकोटीचा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुनार बोर्ग यांनी तयार केलेले हे मापन आहे. पायांच्या थकव्यासाठीही तसाच आकडा घेतात.

मग रुग्ण आपल्या गतीने पायरीवर चढतो आणि उतरतो. कठड्याचा वा भिंतीचा आधार न घेणे हा नियम आहे, कारण हातांनी भार उचलला तर मोजणी खोटी ठरते. मात्र तोल जाईल अशा व्यक्तीजवळ कोणीतरी उभे असतेच. दर मिनिटाला ठरावीक शब्दांत प्रोत्साहन दिले जाते. दम लागल्यास थांबण्याची मुभा असते. घड्याळ मात्र चालूच राहते. सहा मिनिटांत किती वेळा चढणे झाले, हा एक आकडा. ऑक्सिजन कुठवर उतरला, हा दुसरा. शेवटी दम किती लागला, हा तिसरा. थांबल्यावरही मिनिटभर ऑक्सिमीटर बोटावर ठेवतात, कारण सर्वांत खालचा आकडा पुष्कळदा थांबल्यानंतर दिसतो.

पायरी दिसते लहान. तिचा हिशेब मात्र लहान नाही. २० सेंटीमीटरची पायरी १०० वेळा चढली, तर शरीर एकंदर २० मीटर वर उचलले जाते. सहा-सात मजली इमारत चढण्याइतके हे काम आहे. सपाटीवरच्या चालण्यापेक्षा ही चाचणी अधिक श्रमाची असल्याने लपलेली धाप ती लवकर उघड करते.

ऑक्सिजन चार किंवा त्याहून अधिक अंशांनी उतरला, तर ते लक्षणीय मानले जाते. तो ८८ च्या खाली गेला, तर अधिक तपास आवश्यक ठरतो. बसलेल्या अवस्थेत ९६ दाखवणाऱ्या बोटावरच हे आकडे दिसू शकतात. बोटे थंड असतील, नखांवर गडद रंग असेल, तर ऑक्सिमीटर चुकतो. गडद त्वचेवर तो काही वेळा खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो, हेही २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने लक्षात आणून दिले. म्हणून आकडा आणि माणूस, दोन्ही पाहायचे असतात.

दुसऱ्याच्या आकड्याशी आपली तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. उंची, वजन, वय, गुडघे यांनुसार आकडा बदलतो. तीच पायरी, तीच वेळ, इन्हेलर घेतल्यानंतरचे तेच अंतर, असे सारे सारखे ठेवून तीन-चार महिन्यांनी त्याच माणसाची केलेली चाचणी अधिक बोलकी असते.

ही चाचणी कोणी करू नये

गेल्या महिनाभरात हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा विश्रांतीतही छातीत दुखत असेल, तर श्रमाची चाचणी मुळीच करू नये. बसलेल्या स्थितीत नाडी मिनिटाला १२० हून अधिक किंवा रक्तदाब १८०/१०० हून अधिक असल्यास डॉक्टर सहसा ती पुढे ढकलतात. तोल जात असेल, गुडघे वा कंबर भार पेलत नसेल, तर चालण्याची किंवा खुर्चीतून उठ-बस करण्याची एका मिनिटाची चाचणी अधिक योग्य ठरते. चाचणी चालू असता छातीत दुखणे, असह्य धाप, घेरी, दरदरून घाम, चेहरा पांढरा पडणे यांपैकी काहीही झाले, तर ती तत्काळ थांबवावी लागते. घरच्या जिन्यावर, ऐकीव माहितीच्या आधारे, वडीलधाऱ्यांची ही परीक्षा घेण्याचे धाडस कोणी करू नये. पहिली चाचणी वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावी.

गडचिरोलीची परंपरा

साध्या साधनाने श्वास मोजण्याचा धडा जगाला याच प्रदेशाने एकदा दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकात गडचिरोलीच्या खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियावर काम केले. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वासांच्या वेगावरून ओळखता येते. पण गावातील सुईणींना आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, एवढीच रीत. न्यूमोनियावरील या प्रयोगाने बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण यंत्रापर्यंत पोहोचत नसेल, तर मोजमाप रुग्णाच्या दारी न्यावे, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण सर्वांच्या स्मरणातील आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट भरात असताना राज्याच्या आरोग्य विभागाने घरोघरी सहा मिनिटे चालण्याची चाचणी करण्याचे आवाहन केले होते. बसून ठीक दिसणारा रुग्ण चालल्यावर उघडा पडतो, हे तेव्हा अनेक कुटुंबांनी स्वतः पाहिले. त्या काळात विकत घेतलेले ऑक्सिमीटर आज कपाटात पडून आहेत.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो. तेथील धाप लागलेल्या माणसाला नागपूरच्या यंत्राचा उपयोग नाही. सुताराने केलेली एक पायरी मात्र आरोग्य केंद्रात कायम राहू शकते.

चाचणीनंतर

आकडा हाती आल्यावर संपन्न कुटुंबाची पहिली प्रतिक्रिया असते ती ऑक्सिजनचे यंत्र विकत घेण्याची. येथे थोडे थांबावे. बसलेल्या स्थितीतही ज्यांचा ऑक्सिजन फार खाली असतो, अशा रुग्णांना दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० च्या सुमारास ब्रिटन-अमेरिकेतील अभ्यासांनी दाखवले. परंतु ज्यांचा ऑक्सिजन मध्यम प्रमाणात, किंवा केवळ श्रमातच उतरतो, अशा ७३८ रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासात २०१६ साली दिसले, की ऑक्सिजनमुळे त्यांचे आयुष्य वाढले नाही आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही घटले नाही. यंत्र घ्यावे की नाही, हे छातीच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करून ठरवावे.

ज्याचा लाभ निर्विवाद आहे, तो उपचार आहे व्यायामाचा. त्याला फुप्फुस पुनर्वसन म्हणतात. शिकवून करून घेतलेले चालणे, पायरी चढणे, हातापायांचे बलवर्धन, श्वासाचे तंत्र, इन्हेलर योग्य रीतीने घेण्याचे शिक्षण यांचा हा सहा ते आठ आठवड्यांचा कार्यक्रम असतो. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ अभ्यासांतील ३८२२ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. धाप कमी होते, चालण्याची क्षमता वाढते आणि जगणे सुसह्य होते, हे इतके स्पष्ट दिसले की त्यासाठी आणखी तशा अभ्यासांची गरज नाही, असे आढावाकारांनी नमूद केले. ज्यांच्या नावे ही आढाव्यांची परंपरा चालते, ते डॉ. आर्ची कॉक्रेन हे स्वतः वेल्सच्या त्याच केंद्रात खाणकामगारांसाठी काम करत होते.

खराब झालेले फुप्फुस व्यायामाने बरे होत नाही. मग लाभ कशाचा होतो? स्नायूंचा. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसल्याने मांड्यांचे स्नायू झडतात. दुबळे स्नायू त्याच कामासाठी अधिक हवा मागतात. मग आणखी कमी श्रमात धाप लागते. प्रेमापोटी म्हटलेले "तुम्ही बसा, आम्ही आहोत" हे वाक्य या उतरणीला वेग देते. वडीलधाऱ्यांची सेवा करावी, यात शंका नाही. पण पाण्याचा पेला हातात देण्यापेक्षा त्यांच्यासोबत पाच मिनिटे चालणे, ही धापेच्या रुग्णाची अधिक मोठी सेवा आहे.

यात्रेचा विषयही याच हिशेबात येतो. पालिताण्यास साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. सम्मेद शिखरजीची चढण, परिक्रमा आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटरची वाट आहे. वृद्धांची इच्छा मोडवत नाही आणि भीतीही वाटते. अशा वेळी निघण्यापूर्वी दोन-तीन महिने चाचणी करून घेतली, तर पायी जावे, डोली करावी, की यंदा भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन पुढील वर्षासाठी शरीर तयार करावे, हे समजून-उमजून ठरवता येते.

गोदामातील दुसरा माणूस

व्यापारी घरात धाप लागणारा मनुष्य एकच नसतो. ज्या गोदामाची धूळ मालकाने गादीवर बसून घेतली, तीच धूळ हमालाने पाठीवर पोते घेऊन घेतली आहे, तीही कितीतरी जास्त. त्याच्या घरी अजून चूल पेटते. त्याला दम लागतो, पण तो सांगत नाही. सांगितले तर उद्या काम मिळणार नाही, ही भीती असते. त्याची चाचणी करून त्याला कामावरून काढणे हा तपासणीचा दुरुपयोग ठरेल. त्याला धुळीपासून दूर, हलक्या कामावर घेणे, तोंडावर चांगला मास्क देणे, झाडण्यापूर्वी पाणी शिंपडणे, गिरणीत धूळ खेचणारे पंखे बसवणे, हे मालकाच्या हातात आहे.

समाजाच्या वतीने मधुमेह, रक्तदाब, नेत्रतपासणी यांची शिबिरे होत असतात. हिवाळ्याच्या प्रारंभी होणाऱ्या एखाद्या शिबिरात स्पायरोमेट्री व पायरी चाचणी यांचा समावेश करणे अवघड नाही. पायरी सुतार बनवून देईल. खरा खर्च आहे छातीच्या डॉक्टरांच्या आणि फिजिओथेरपिस्टच्या वेळेचा. अशा शिबिरात मालक आणि हमाल एकाच पायरीवर, एकाच नियमाने तपासले जावेत.

व्यापारी घराला नोंद ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दिवाळीला वहीपूजन होते, नवे पान उघडले जाते. पहिली चाचणी झाल्यावर आणि डॉक्टरांनी व्यायामास अनुमती दिल्यावर अशाच एका वहीत घरातील वृद्धांसाठी चार रकाने आखावेत : तारीख, किती वेळा पायरी चढणे झाले, ऑक्सिजन कितीवर आला, दम दहापैकी किती लागला. ही वही दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावी. गादीमागील खोलीत आलेला पलंग पुन्हा वरच्या मजल्यावर जाईलच, असे नाही. पण दुपारच्या जेवणाला बाबूजी स्वतः जिना चढून घरच्यांच्या पंगतीत येऊन बसले, तर त्या वहीत जमेची बाजू भरली, असे समजावे.